आग्रा रोडवरून गेलेली शर्यत आणि तिचे साक्षीदार

२४ नोव्हेंबर १९६८ च्या रविवारी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ मोटारी सिडनीला जायला निघाल्या. ब्रिटनच्या ‘डेली एक्सप्रेस’ने भरवलेल्या या शर्यतीत पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे होते. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली करत मोटारी डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत पोहोचल्या. ५ डिसेंबरच्या पहाटे तीन वाजता ‘चुसान’ बोट त्यांना घेऊन मुंबई बंदरातून निघाली आणि १३ तारखेला ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराला लागली. दिल्ली ते मुंबई हा सुमारे चौदाशे किलोमीटरचा टप्पा तेवीस तासांच्या आत पार करायचा होता. त्याची सरळ वाट आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, कसारा घाट, भिवंडी आणि ठाणे अशी होती, आणि ठाण्यानंतर मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला. शर्यतीच्या नोंदवहीत दिल्लीची वेळ आहे, मुंबईची वेळ आहे, उशिरा आलेल्याला दर मिनिटामागे लागलेला दंड आहे. मधल्या रस्त्याचे मात्र त्यात काहीच नाही. मुलुंडच्या नाक्यावर कोण उभे होते, कोणती मोटार कशी गेली, हे फक्त पाहणाऱ्यांपाशी उरले. हे पाहणारे आज पासष्टीच्या, सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणींना ‘जुन्या गप्पा’ म्हणून बाजूला सारण्याची पद्धत चुकीची आहे आणि या आठवणी पुरावा म्हणून वापरता येतात, असे माझे म्हणणे आहे. मात्र कोणत्या बाबतीत वापरता येतात आणि कोणत्या बाबतीत नाही, हे आधी ठरवावे लागते.

१९६८ साली भारतीय रस्त्यावर मोटारी म्हणजे मुख्यतः तीनच: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यात बनणारी अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच आग्रा रोडच्या पट्ट्यात होता. नवी फियाट हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. रोज त्याच तीन आकृत्या बघणाऱ्या डोळ्यांसमोरून अचानक सित्रोएन डीएस जाते, पोर्शे जाते, रशियाची मॉस्कविच जाते, ऑस्ट्रेलियाची फोर्ड फाल्कन जाते. जे इतके वेगळे असते ते लक्षात राहते, त्यासाठी असामान्य स्मरणशक्ती लागत नाही. शिवाय हा रस्ता कोणाचा होता तेही पाहायला हवे. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड हा सगळा कारखान्यांचा पट्टा. त्याच्या चाळींत आणि वसाहतींत फिटर, टर्नर, मोल्डर, मेकॅनिक राहत. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगणारी माणसे तिथे घरोघर होती. अशा वस्तीतला मुलगा मोटार बघतो तेव्हा तो नुसता रंग बघत नाही.

आता कसोटीकडे येऊ. सुरुवातीच्या ९८ मोटारींपैकी सत्तरच्या आसपासच मुंबईला पोहोचल्या. कोणत्या आल्या आणि कोणत्या वाटेतच थांबल्या, हे छापील निकालांतून कळते, म्हणून आठवण ताडून बघता येते. या शर्यतीत १९३० सालची एक जुनी, उघड्या टपाची बेंटली होती. तिचे फोटो तेव्हाच्या परदेशी वृत्तपत्रांत भरपूर आले. ही गाडी तुर्कस्तानातच बाद झाली. तेव्हा ती बेंटली घाटकोपरला पाहिल्याचे कोणी सांगितले, तर त्याने नंतर पाहिलेला फोटो आठवणीत मिसळला आहे. उलट मॉस्कविचच्या चारही मोटारी थेट सिडनीपर्यंत गेल्या, त्यामुळे एकासारख्या एक अशा बसक्या रशियन गाड्या पाहिल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला आधार आहे. पोलंडच्या सोबिएस्लाव्ह झासादांच्या पोर्शेला ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंच्या धडकेपासून बचाव म्हणून तोंडाशी लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला होता. ‘एका गाडीच्या तोंडावर गजांचा पिंजरा होता’ एवढेच एखाद्याला आठवत असेल, गाडीचे नाव ठाऊक नसेल आणि पिंजरा कशासाठी हेही ठाऊक नसेल, तर ती साक्ष मला सर्वांत मोलाची वाटते. कारण न जाणता सांगितलेला तपशील मागाहून वाचून येण्याची शक्यता फार कमी असते.

वर्षाचा गोंधळ मात्र सर्रास होतो आणि तो समजण्यासारखा आहे. लंडन ते सिडनी शर्यत १९७७ मध्ये पुन्हा झाली. तीही भारतातून गेली, पण बोटीवर चढली ती मद्रासला. दोन्ही वेळा जिंकला तो स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवान. त्यामुळे विजेत्याच्या नावावरून वर्ष ठरत नाही, गाडीवरून ठरते. कोवान १९६८ मध्ये हिलमन हंटर चालवत होता, १९७७ मध्ये मर्सिडीज २८० ई. सित्रोएन आठवत असेल तर ती डीएस होती की सीएक्स, हे विचारावे. सीएक्स बाजारातच १९७४ मध्ये आली. म्हणजे ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाला चुकीचे उत्तर देणारा माणूस ‘कशी दिसत होती?’ याचे बिनचूक उत्तर देऊ शकतो, आणि त्यातून साल आपोआप निघते.

‘जिंकले कोण?’ हा प्रश्न याहून नाजूक आहे. मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क, स्वीडनच्या ओव्हे अँडरसनसोबत, लोटस कॉर्टिनामध्ये. मुंबईपर्यंतच्या आघाडीसाठी दोन हजार पौंडांचे वेगळे बक्षीस होते. ऑस्ट्रेलियात क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला, तेव्हा फोर्डच्याच दुसऱ्या मोटारीचे सिलिंडर हेड काढून त्याच्या गाडीला बसवले. पुढे डिफरन्शियल गेले, तर रस्त्यात भेटलेल्या एका कॉर्टिनावाल्याच्या गाडीचे काढून घेतले. तरी तो दहावा आला. सिडनी जवळ आल्यावर आघाडीवर होते बेल्जियमचे ल्युसियाँ बियांकी आणि फ्रान्सचे ज्याँ-क्लोद ओजिए. नोव्रा गावाजवळ समोरून आलेल्या एका मिनीशी त्यांच्या सित्रोएनची टक्कर झाली आणि बियांकी गंभीर जखमी झाला. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्कने स्वतःची शर्यत बाजूला ठेवून मदत केली. १७ डिसेंबरला कोवानची हिलमन पहिली ठरली, हॉपकर्कची ऑस्टिन १८०० दुसरी. आता मुलुंडचा एखादा वृद्ध ‘कॉर्टिना जिंकली’ असे म्हणाला, तर त्याला खोडून काढण्याची घाई करू नये. तो जिथे उभा होता तिथपर्यंतच्या शर्यतीत कॉर्टिनाच जिंकली होती. आणि खरी विजेती हिलमन कोणालाच आठवत नसेल, तर त्यातही नवल नाही. चौकोनी, साधी, घरगुती वापराची ती मोटार मुंबईत आघाडीवर नव्हती. तिच्याकडे कोणी का बघावे?

दोन आठवणी एकमेकींच्या विरुद्ध असल्या की त्यातली एक खोटी, असेही लगेच ठरवू नये. या शर्यतीत थांबे ठरलेले होते, मधला रस्ता मात्र पुष्कळ ठिकाणी चालकाच्या मर्जीवर होता. तुर्कस्तानात सिवास ते एरझिंजान जाताना कोणी उत्तरेची वाट धरली, कोणी दक्षिणेची. ठाण्यानंतरही दोन पर्याय होते: वस्तीतून जाणारा आग्रा रोड, ज्याला पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले, आणि पूर्वेच्या खाजणाकडेचा द्रुतगती मार्ग. एक जण म्हणेल मोटारी मुलुंडच्या बाजारातून गेल्या, दुसरा म्हणेल मुळीच नाही, हायवेने गेल्या. दोघेही खरे असू शकतात, कारण मोटारी अनेक होत्या आणि तासांच्या अंतराने येत होत्या.

या सगळ्यावर एक भक्कम आक्षेप आहे. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की, २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटल्याची बातमी त्यांना कुठे, कशी कळली. हे लेखन घटनेच्या दुसऱ्याच दिवशी झाले. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची उत्तरे पार बदललेली होती, आणि तरीही ते ठामपणे सांगत होते. तीन वर्षांत ही गत, तर अर्धशतकानंतर काय राहणार? आक्षेप मी मान्य करतो, पण तो काय सिद्ध करतो ते नीट पाहावे. ठामपणा म्हणजे खरेपणा नव्हे, हे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. ‘मला अगदी काल घडल्यासारखे आठवते’ या वाक्याला पुरावा म्हणून किंमत नाही. मात्र तो प्रयोग बातमी कळण्याच्या प्रसंगाविषयी होता: कोणी सांगितले, आपण कुठे बसलो होतो. तिथे ताडून बघायला विद्यार्थ्यांचे स्वतःचे जुने लेखन तेवढे होते. आपल्याकडे प्रवेशयादी आहे, निकाल आहे, गाड्यांचे फोटो आहेत. रस्त्यावर दिसलेल्या वस्तूची आठवण या बाहेरच्या पुराव्यावर घासून घेता येते. जी टिकते ती ठेवावी, जी टिकत नाही ती सोडावी. इतिहासाच्या प्रत्येक साधनाला आपण हेच करतो. बखरीला करतो, मग माणसाला का नाही?

दुसरा आक्षेप जास्त टोचतो: परदेशी श्रीमंतांच्या या खेळाशी उपनगरांचा काय संबंध? भारतातून बोमसी वाडिया आणि त्यांचे दोन साथीदार लोटस कॉर्टिना घेऊन या शर्यतीत उतरले होते, हे खरे. पण मी त्या आधाराने उत्तर देणार नाही. ज्यांच्या घरी सायकलही जपून वापरली जात असे, ती माणसे रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली आणि जगातल्या उत्तम मोटारी त्यांनी हाताच्या अंतरावरून पाहिल्या. उपनगरांचा इतिहास आपण गिरण्या, कारखाने, लोकल गाड्या आणि इमारतींच्या पुनर्विकासातून लिहितो. त्या माणसांचे कुतूहल त्यात कुठे येत नाही. हे कुतूहल मला कारखान्यांच्या उत्पादनाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि त्याची दुसरी कोणतीही नोंद नाही.

म्हणून मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला इथल्या वाचकांना विनंती आहे. घरात कोणी ही शर्यत पाहिलेली असेल, तर त्यांच्याकडून ती आता लिहून घ्या. आधी फोटो दाखवू नका, गाड्यांची नावे सुचवू नका, विजेता सांगू नका. कुठे उभे होतात, कोणता रस्ता होता, उजेड होता की अंधार, सोबत कोण होते, गाडीचा रंग कोणता, दारावर आकडा होता का, आवाज कसा होता, एवढेच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘आठवत नाही’ हे उत्तरही तसेच लिहा. खाली तारीख घाला आणि कागदाची एक प्रत आपल्या भागातल्या ग्रंथालयात द्या. पडताळणी नंतर कोणालाही करता येईल.