भरतीला आत घेताना

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. त्यात कमीत कमी तीन लाख माणसं गेली, काही अंदाजांनुसार पाच लाख. 20 मे 2020 ला अम्फान आलं, तेव्हा तोच किनारा बांगलादेशचा होता आणि वर कोरोनाची साथ होती. या वेळी तिथले बळी पंचवीस-तीसच्या घरात राहिले. वादळं सगळी सारखी नसतात हे मान्य केलं, तरी हा फरक वाऱ्याच्या वेगानं पडलेला नाही.

हा फरक पाडायला खर्च फार लागला नाही. नव्या देशानं 1972 मध्ये रेड क्रॉसच्या मदतीनं चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. भोंगा, झेंडे, रेडिओ आणि गावातलीच माणसं एवढंच त्याचं भांडवल. एक झेंडा म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे आवराआवर करा, तीन म्हणजे घर सोडा. आज असे सुमारे 76 हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. बायकांना घ्यायचं शहाणपण मात्र उशिरा आलं. 1991 च्या वादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात 20 ते 44 वयाच्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी 71 होतं, तर त्याच वयाच्या पुरुषांमध्ये 15. नवरा घरी नाही, निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, अंगावर साडी, कडेवर पोर, अशा बाईला बाहेर काढायचं तर दारात दुसरी बाईच उभी राहायला हवी. निवारे एरवी प्राथमिक शाळा म्हणून चालतात, त्यामुळे ते ओस पडून मोडकळीला येत नाहीत. गुरं सोडून माणूस हलत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मातीचे उंच चौथरे बांधले. तिथे त्यांना किल्ला म्हणतात. अम्फानच्या वेळी वीस लाखांहून जास्त लोक वेळेत हलले ते या सगळ्याच्या जोरावर.

हवामान बदलाच्या परिषदांमध्ये ही यशकथा हमखास सांगितली जाते, आणि सांगायलाही हवी. एक बांगलादेशी माणूस वर्षाकाठी हवेत एक टनसुद्धा कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, तर एक अमेरिकन चौदा टनांच्या आसपास. ज्यांनी आग लावली नाही ते ती विझवायला शिकले, असं म्हणून टाळ्या घेता येतात. गोष्ट मात्र तिथे संपत नाही. वादळातून वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेतावर परततो. त्या शेताचं काय?

त्यासाठी साठच्या दशकाच्याही मागे जावं लागेल. खुलना, जसोर, सातखिरा या नैऋत्य भागात गंगेच्या गाळाची सपाट जमीन आहे आणि तिच्यात भरती-ओहोटीच्या नद्यांचं जाळं आहे. जमीनदारीच्या काळात शेतकरी तिथे आठमाही बांध घालत. खारं पाणी चढायच्या काळात मातीचा बांध उभा राही, भात पिके, आणि उरलेले महिने बांध मोडून भरती शेतात घेतली जाई. भरतीबरोबर गाळ येई आणि जमीन दरवर्षी थोडी उंचावे. आपल्याकडे रायगड-रत्नागिरीतल्या खारबंदिस्त्या किंवा गोव्याची खाजणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बांध, उघाडी आणि गावानं मिळून करायची राखण हा मामला समजावून सांगायला नको.

मग विकास आला. अमेरिकी पैसा आणि परदेशी अभियंत्यांचे आराखडे घेऊन 1960 च्या दशकात सरकारनं कायमचे तटबंध उभारायला घेतले. बांधानं चहूबाजूंनी वेढलेली अशी 139 बेटं झाली. त्यांना पोल्डर म्हणतात, कल्पना हॉलंडची. पहिली काही वर्षं भात भरघोस पिकलं, हेही नोंदवायला हवं, कारण ही योजना कुणी दुष्टपणानं आखलेली नव्हती. पण हॉलंडच्या नद्या गंगा-ब्रह्मपुत्रेइतका गाळ आणत नाहीत. इथे गाळाला शेतात शिरायची वाट बंद झाली, तेव्हा तो नदीच्या पात्रातच बसू लागला. पात्र वर आलं, आत कोंडलेली जमीन दबत खाली गेली, आणि पावसाचं पाणी बाहेर काढायला उतारच उरला नाही. ऐंशीच्या दशकात डाकातियासारखे मोठे सखल भाग, ज्यांना तिथे बिल म्हणतात, वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिले. तिथे ना समुद्र चढला होता, ना वादळ आलं होतं.

2009 च्या आयला वादळात सुंदरबनला लागून असलेल्या 32 नंबरच्या पोल्डरचे बांध फुटले, आणि जवळपास दोन वर्षं दिवसातून दोनदा भरतीचं पाणी गावांत येत-जात राहिलं. नंतर संशोधकांनी मोजमाप केलं. बाहेरच्या मोकळ्या सुंदरबनच्या तुलनेत पोल्डरच्या आतली जमीन एक ते दीड मीटर खाली गेली होती. जगातल्या समुद्राची सरासरी पातळी 1900 पासून आजवर वाढली आहे वीस-एक सेंटिमीटर. म्हणजे ज्या बुडण्याचं खापर आपण बेधडक हवामान बदलावर फोडतो, त्यातला मोठा वाटा आराखड्याचा होता. याच पाहणीत दुसरीही एक गोष्ट आढळली. बांध फुटलेल्या त्या दोन वर्षांत आतल्या जमिनीवर इतका गाळ बसला, की एरवी त्याला काही दशकं लागली असती.

शेतकऱ्यांना हे मोजमापाआधीच ठाऊक होतं. 1990 मध्ये डाकातियाच्या लोकांनी सरकारी बांध स्वतः कापला. 1997 मध्ये भायना बिलात तेच झालं. चार वर्षं भरती आत-बाहेर करत राहिली. कापलेल्या तोंडाजवळची जमीन मीटरभराहून जास्त उंचावली, आणि ओहोटीच्या ओढीनं हरी नदीचं पात्र आपोआप खोल झालं. आशियाई विकास बँकेच्या पैशानं त्या भागात निचऱ्याचा मोठा प्रकल्प चालू होता. त्याच्या तज्ज्ञांनी आधी नाकं मुरडली आणि मग हीच रीत आराखड्यात घेतली. एक बिल काही वर्षं भरतीला द्यायचं, ते भरलं की दुसरं. अधिकृत कागदांत ती टायडल रिव्हर मॅनेजमेंट म्हणून ओळखली जाते.

या भागाची आणखी एक जखम आहे, तिचाही आकाशाशी संबंध नाही. ऐंशीच्या दशकात कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, आणि बड्या मालकांनी उघाड्या उघडून शेतात खारं पाणी घेतलं. भात गेलं, गोड्या पाण्याची तळी गेली, गुरांचा चारा गेला. 7 नोव्हेंबर 1990 ला हरिणखोला इथे याविरुद्ध भूमिहीनांचा मोर्चा घेऊन निघालेल्या करुणामयी सरदार मारल्या गेल्या. हरिणखोला ज्यात येतं त्या 22 नंबरच्या पोल्डरमध्ये कोळंबीला आजही शिरकाव नाही. तिथे भात आणि कलिंगडं पिकतात. शेजारच्या पोल्डरांत बायका घागरभर पिण्याच्या पाण्यासाठी मैलभर चालतात. समुद्र दोघांचाही एकच आहे.

हे सांगायचं कारण हवामान बदल खोटा आहे असं नव्हे. समुद्र चढतो आहे, वादळं अधिक पाणी घेऊन येत आहेत, आणि एक मीटर खाली गेलेल्या जमिनीला वरचे वीस सेंटिमीटर फार जड जातात. पण सगळं काही हवामानाच्या नावावर टाकलं की आराखडे काढणारे सुटतात आणि कोळंबीचे मालकही सुटतात. मग उपाय म्हणून पुन्हा तेच पुढे येतं, आणखी उंच बांध. जागतिक बँकेच्या 2013 मध्ये मंजूर झालेल्या सुमारे 40 कोटी डॉलरच्या योजनेतून काही पोल्डरांचे बांध उंच आणि भक्कम करण्यात आले. वादळापुरते ते हवेतच. पण त्या पैशाचा फार मोठा भाग कर्ज आहे. श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांना वर्षाला 100 अब्ज डॉलर देण्याचं वचन दिलं आणि मुदत उलटून दोन वर्षांनी, 2022 मध्ये, ते एकदाचं पुरं केलं. त्यातलाही मोठा भाग कर्जाचाच. नुकसानभरपाईचा वेगळा निधी असावा म्हणून ढाक्याचे हवामान बदलाचे अभ्यासक सलीमुल हक वर्षानुवर्षं भांडले. 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत तो मान्य झाला, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले, आणि त्यानंतर दुबईच्या परिषदेत त्या निधीत जमली ती सुमारे 70 कोटी डॉलरची आश्वासनं. सगळ्या गरीब जगासाठी मिळून.

भरतीला जमीन द्यायची तर सिमेंट फारसं लागत नाही. लागतो तो शेतकऱ्याचा चार-पाच वर्षांचा बुडालेला हंगाम भरून देणारा पैसा. तोच सगळ्यात अवघड ठरला आहे. खुकशिया बिलात भरपाई मंजूर झाली, पण ती घ्यायला जमिनीचे चोख कागद हवे होते. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, वाटण्या तोंडी, वारस दहा, हा गुंता आपल्याला परका नाही. बऱ्याच जणांच्या हाती पैसा पडला नाही, आणि कुळानं कसणाऱ्याचा तर हिशेबच नव्हता. धनादेशाला कुणी फीत लावत नाही, बांधाला लावतात. देणाऱ्यांची पसंती बांधाकडे झुकते त्याचं हेही एक कारण असावं.

2012 मध्ये पाळी कपालिया बिलाची आली. शेजारच्या बिलातल्यांचे हाल तिथल्या शेतकऱ्यांनी पाहिले होते. त्यांनी विरोध केला, मारामाऱ्या झाल्या आणि काम थांबलं. जसोरमधल्या भवदहच्या परिसरातल्या गावांत त्यानंतरच्या पावसाळ्यांतही पाणी तुंबत राहिलं. तिथल्या मागण्यांच्या यादीत आजही भरपाईच्या आधी भरतीला वाट मागणारे आहेत, आणि भरतीच्या आधी भरपाई मागणारेही.