मुतखडा झाला तर दूध-ताक बंद करायचे का? प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्या काय सांगतात

मूत्रपिंड, प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या आजारांवरील उपचार कसे ठरतात? ऐकीव सल्ला आणि तपासून पाहिलेला सल्ला यांत फरक किती?

मुरुड (जि. लातूर) : कमरेच्या एका बाजूने सुरू होऊन जांघेपर्यंत उतरणारी कळ, मळमळ, घाम आणि लघवीला जळजळ. मुतखड्याचे हे दुखणे ज्याने एकदा सोसले, त्याला ते पुन्हा सांगावे लागत नाही. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड आणि आसपासच्या गावांत अशा रुग्णाला दवाखान्यात पोहोचण्याआधीच दहा सल्ले मिळतात. दूध बंद कर, टोमॅटो खाऊ नको, हुलग्याचे कढण पी, पानफुटीचे पान चाव, बिअर घे. यातील कोणता सल्ला खरा, याचे उत्तर गेल्या तीन दशकांत झालेल्या वैद्यकीय चाचण्यांत बऱ्याच अंशी सापडते.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक गंभीर का?

खडा होण्यामागचे मुख्य कारण म्हणजे लघवी घट्ट होणे. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड असे क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी पडले की ते विरघळून राहत नाहीत. त्यांचे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते एकमेकांना चिकटून खडा बनतो. उन्हात काम करणाऱ्याच्या शरीरातील पाणी घामावाटे जाते, त्यामुळे लघवी आणखी कमी होते.

शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणारा माणूस दिवसभरात किती पाणी पितो, हे त्याच्या तहानेपेक्षा सोबतच्या कॅनवर ठरते. कामाच्या ठिकाणी आडोसा नसल्याने अनेक महिला मुद्दाम कमी पाणी पितात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होते. अशा भागात ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला द्यायला सोपा असला, तरी पाळायला अवघड आहे.

बोअरच्या जड पाण्यामुळे खडे होतात, अशी सर्वत्र समजूत आहे. मात्र, त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. पाणी जड की हलके यापेक्षा दिवसभरात एकूण किती पाणी पोटात जाते, याला अधिक महत्त्व आहे. जड आहे म्हणून पाणीच कमी पिणे, हे उलट नुकसानीचे ठरते.

पाण्याने खरेच फरक पडतो का?

हो. इटलीतील डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांचे दोन गट केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ही विभागणी होती, डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. एका गटाला रोजची लघवी किमान २ लिटर होईल इतके पाणी प्यायला सांगितले, तर दुसऱ्या गटाला तसे काही सांगितले नाही. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पाणी वाढवलेल्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला होता. दुसऱ्या गटात १०० पैकी २७ जणांना. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज डॉक्टर रोज सुमारे अडीच लिटर लघवी व्हावी, असे सांगतात. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी लागते आणि उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. मोजमाप करणे शक्य नसेल, तर लघवीचा रंग पाहावा. ती पाण्यासारखी किंवा फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. मात्र, हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नये.

दूध, ताक बंद करावे का?

खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध बंद. हा हिशेब सरळ वाटतो आणि पूर्वी डॉक्टरही तोच सांगत. इटलीतील त्याच चमूने तो तपासून पाहिला. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या आणि वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कॅल्शियम कमी असलेला आहार दिला. उरलेल्यांचे कॅल्शियम नेहमीइतके ठेवले; पण मीठ आणि मांसाहार कमी केला. पाच वर्षांत कॅल्शियम तोडलेल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, तर दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. हा निकाल २००२ मध्ये आला आणि जुना सल्ला मागे पडला.

कारण सोपे आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडते आणि शौचावाटे बाहेर जाते. कॅल्शियम तोडले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते आणि लघवीत उतरते. म्हणजे जेवणासोबतचे वाटीभर ताक किंवा दही शत्रू नाही. हात आखडायचा तो मिठावर. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, फरसाण, वरून घेतलेले मीठ यांमुळे लघवीतील कॅल्शियम वाढते.

टोमॅटोही विनाकारण बदनाम आहे. त्यात ऑक्झलेट फार नसते. पालकात ते भरपूर असते. हुलग्याच्या कढणाने पोटात पातळ पदार्थ जातो, एवढा फायदा आहेच. पण त्याने खडा विरघळतो, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. बिअरने लघवी वाढते, त्यानंतर शरीर कोरडे पडते. तो उपचार नव्हे.

खडा पडण्याची गोळी किती उपयोगी?

मूत्रनलिकेत अडकलेला खडा लहान असेल तर तो अनेकदा आपोआप पडतो. आधीच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार, ५ मिलिमीटरपर्यंतचे सुमारे ६८ टक्के आणि ५ ते १० मिलिमीटरचे सुमारे ४७ टक्के खडे स्वतःहून पडतात. ‘अमुक औषधाने माझा खडा पडला’ या अनुभवांमागे बहुतेक वेळा हेच गणित असते. औषध घेतले नसते, तरी तो पडलाच असता.

टॅमसुलोसिन ही मुळात प्रोस्टेटच्या रुग्णांची गोळी. ती मूत्रनलिका सैल करते, म्हणून खड्यासाठीही दिली जाऊ लागली. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत १,१६७ रुग्णांवर तिची चाचणी झाली. काहींना टॅमसुलोसिन, काहींना निफेडिपिन आणि काहींना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. चार आठवड्यांत पुढील उपचाराची गरज न पडलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ८० टक्क्यांच्या आसपास निघाले. चीनमधील ३,२९६ रुग्णांच्या २०१८ मधील चाचणीत मात्र मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या, ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांसाठी तिचा उपयोग दिसला. त्यामुळे ही गोळी प्रत्येकाला नव्हे, तर खड्याची जागा आणि आकार सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहून दिली जाते.

वेदनेबाबतही असेच. कतारमधील दोहा येथे १,६४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दंडात किंवा कमरेत दिले जाणारे डायक्लोफेनॅकचे साधे इंजेक्शन मॉर्फिनपेक्षा सरस ठरले. गावातील डॉक्टर देतात ते हेच. पण ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांना वेदनाशामके घातक ठरू शकतात. मेडिकलमधून गोळ्या आणून दिवसेंदिवस घेणे टाळावे.

कधी थांबायचे नाही?

- खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास काही तासांत जीवावर बेतू शकते.
- लघवी पूर्ण बंद झाली तर.
- एकच मूत्रपिंड असेल किंवा महिला गरोदर असेल तर.
- उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नसेल तर.

अशा वेळी रात्र काढू नये, लातूर गाठावे. दुखणे थांबले म्हणजे खडा पडला, असेही समजू नये. अडकलेला खडा कधी कधी शांत राहून मूत्रपिंड निकामी करतो. त्यामुळे पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करणे आवश्यक असते.

मोठ्या खड्यांसाठी आज पोट उघडण्याची वेळ क्वचितच येते. शरीराबाहेरून लहरींनी खडा फोडण्याचा पहिला उपचार ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्युनिक येथे झाला. पाठीतून छोटे छिद्र पाडून खडा काढण्याचे तंत्र १९७६ पासूनचे. ते छिद्र आणखी बारीक करण्याच्या कामात गुजरातमधील नडियादच्या मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटलचा मोठा वाटा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगावरील शस्त्रक्रियांचाही समावेश आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे विचारावे.

प्रोस्टेट : वय म्हणून सोडून देऊ नये

रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, जोर लावावा लागणे. पन्नाशीनंतर पुरुषांत दिसणारा हा त्रास बहुतेक वेळा कर्करोग नसतो, तर प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते. अमेरिकेत ३,०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत डोक्साझोसिन आणि फिनास्टेराइड ही दोन औषधे एकत्र दिल्यास आजार बळावण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला. एकेकटे औषध दिल्यावर ही घट ३९ आणि ३४ टक्के होती.

प्रोस्टेटच्या कर्करोगावर महाराष्ट्रात झालेले संशोधन जगभर गेले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल केंद्रात, जास्त धोका असलेल्या २२४ रुग्णांपैकी काहींना फक्त प्रोस्टेटवर, तर काहींना ओटीपोटातील लसिकाग्रंथींसह किरणोपचार देण्यात आले. पाच वर्षांनी रक्तातील पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के होते, दुसऱ्यात ९५ टक्के. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूत्राशय : बीसीजीचा दुसरा उपयोग

लघवीतून रक्त जाणे आणि तेही न दुखता, हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. विडी-सिगारेट हे त्याचे प्रमुख कारण. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पिऊन वाट पाहण्यात मोलाचे महिने जातात. वरच्या थरापुरत्या मर्यादित कर्करोगात गाठ काढल्यानंतर मूत्राशयात बीसीजी सोडले जाते. बाळाच्या दंडावर व्रण उठवणाऱ्या क्षयाच्या लशीतील हेच जंतू. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती तिथे जागी होते. १९७६ मध्ये कॅनडातील अवघ्या ९ रुग्णांवरील अनुभवातून ही पद्धत पुढे आली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या उपचारासाठीचे बीसीजी तयार करते.

चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले तर?

मोठ्या रुग्णालयात कधी कधी ‘अभ्यासात सहभागी होता का’ असे विचारले जाते. घाबरून नकार देण्याची किंवा डॉक्टरांच्या भिडेने सही करण्याची गरज नाही. देशातील औषध चाचण्यांची नोंद २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत होते; २००९ पासून ती बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र समजेल अशा भाषेत मागावे, घरी नेऊन वाचावे. मधेच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

इटलीतील त्या १२० जणांनी पाच वर्षे ठरवून दिलेले खाल्ले, म्हणून आज मुरुडमधील रुग्णाला जेवताना ताक घेता येते. उन्हाळ्यात शेतावर निघताना मात्र सोबत पाण्याचा कॅन मोठा हवा.