आर्चीच्या घरचा चहा

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला. आजही हळदीच्या मांडवात 'झिंगाट' वाजले की आपली पोरे बेभान होतात. नाचावे, हरकत नाही. पण या सिनेमाचा दुसरा भाग किती घरांनी ध्यानात ठेवला?

पहिल्या भागात पाटलांची आर्ची बुलेट चालवते आणि मासेमाराचा परश्या तिच्यासाठी वेडा होतो. खरी कहाणी हैदराबादला सुरू होते. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, आर्चीची कारखान्यातली नोकरी. भांडणे होतात. परश्या संशय घेतो, हातही उचलतो. प्रेमविवाह केला म्हणून पुरुषातला नवरा आपोआप सुधारत नाही, हे मंजुळ्यांनी झाकले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. दोघांना आधार देते ती नात्याची ना गोत्याची सुमनअक्का.

मूल होते, संसार लागतो. आर्ची आईला फोन करते. मग भाऊ आणि माहेरची माणसे आईने दिलेल्या वस्तू घेऊन दारात येतात. ती हरखून त्यांना चहा देते. पुढे रक्त, आणि शेजारणीकडून परतलेले लेकरू. पडद्यावर आवाज नाही.

हे केवळ सिनेमात घडते असे नाही. आपल्या नाशिकमध्ये २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच जीव घेतला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, २०१७ मध्ये लागू झाला.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले, सहभोजनाने जात मोडत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह. आपण भिंतीवर त्यांची तसबीर लावतो आणि सोयरीक जुळवताना हळूच पोटजात विचारतो! पाटलाच्या वाड्याकडे बोट दाखवणे सोपे असते. उद्या आपली लेक मातंग किंवा आदिवासी मुलाला घेऊन आली, तर त्याला चहा मिळेल का?

अशा जोडप्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करता येते. पण नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते, आणि धोक्याचे दिवस नेमके तेच. त्या महिन्यात मुलीला राहायला एक घर लागते आणि लग्नाच्या दिवशी सहीला तीन साक्षीदार.