वार्धक्याचे बळ डब्यात मिळत नाही

वय झाले की शक्ती ओसरावयाचीच, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. याच समजुतीवर अलीकडे एक भरभराटीचा व्यापार उभा राहिला आहे. औषधांच्या दुकानांतील फळ्या प्रथिनांच्या भुकटीच्या डब्यांनी आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी भरलेल्या असतात. निवृत्तिवेतनावर गुजराण करणारा गृहस्थही दूध-भाजीच्या खर्चाला कात्री लावून असा एखादा डबा घरी आणतो. या खर्चातून त्याच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. मारिया फियातारोने आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध केले. एका वृद्धसेवा संस्थेतील १०० दुर्बल रहिवाशांनी त्यात भाग घेतला. त्यांचे सरासरी वय ८७ वर्षे होते आणि बहुतेकांना काठीचा किंवा चाकाच्या खुर्चीचा आधार लागत असे. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस पायांच्या स्नायूंचा, भार वाढवीत नेणारा व्यायाम केला. दुसऱ्याला रोज ३६० उष्मांकांचे पूरक पेय दिले गेले. तिसऱ्याला दोन्ही मिळाले, चौथ्याला दोन्हींपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबल सरासरी ११३ टक्क्यांनी वाढले. न करणाऱ्यांचे केवळ ३ टक्क्यांनी. त्यांची चाल सुधारली, जिना चढण्याची ताकद वाढली. नुसत्या पेयाने मात्र कोणाचाही दुबळेपणा हटला नाही. इतकेच नव्हे, तर एकूण आहारात लक्षणीय वाढ झाली ती पेयासोबत व्यायामही करणाऱ्यांचीच. श्रमाने भूक जागी होते, हा जुना अनुभवच येथे आकड्यांत उतरला.

याचे कारण शरीराच्या व्यवहारात आहे. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो. त्यांची किंचित झीज होते आणि विश्रांतीच्या काळात आहारातील प्रथिनांतून ती भरून निघते. उतारवयात तितक्याच प्रथिनांपासून स्नायूंची बांधणी तरुणपणापेक्षा कमी होते. व्यायाम हा मंदावलेला प्रतिसाद काही काळ पुन्हा जागा करतो. तेव्हा मागणीच नसलेल्या स्नायूंना भुकटी पुरविणे म्हणजे गवंडी कामावर नसताना विटांच्या गाड्या आणून उतरविण्यासारखे आहे.

पूरक पदार्थ सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. भारासह व्यायाम करणाऱ्यांना जादा प्रथिनांचा थोडा लाभ होतो, परंतु वयाबरोबर तो घटत जातो, असे त्यात आढळले. ‘ड’ जीवनसत्त्वाची कथा तर सावध करणारी आहे. झुरिच येथे सत्तरी ओलांडलेल्या २०० व्यक्तींवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दरमहा २४,००० एककांऐवजी ६०,००० एकके घेणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण अधिक दिसले. आपल्याकडे ६०,००० एककांची पुडी सर्रास मिळते. कमतरता तपासल्यावर वैद्याने ती देणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेत राहणे वेगळे.

राहिला प्रश्न आहाराचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम लागतात, असे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पोळीबरोबर पातळ आमटी आणि रात्री मऊ भात, या आहारातून ती गरज भागणे कठीण. तथापि घट्ट वरण, उसळ, मूठभर शेंगदाणे, दूध-दही, चालत असल्यास अंडी किंवा मासे, यांची प्रत्येक जेवणात योजना केली तर बरीचशी उणीव भरून निघते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्याचा सल्ला आधी घ्यावा.

म्हातारी हाडे व्यायामाने दुखावतील, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्यासारख्या साध्या प्रकारापासून आरंभ करावा. भार हळूहळू वाढवावा आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. वृद्ध स्नायूंना सावरण्यास तेवढा अवधी हवाच. ज्येष्ठ नागरिक संघांनी व्याख्यानांच्या जोडीला जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली असे वर्ग चालविले, आणि नगरपालिकांनी त्यांसाठी सभागृहे खुली केली, तर खर्च अल्प आणि लाभ मोठा होईल. स्वतःच्या पायांवर उभे राहून न्हाणीघरापर्यंत जाता येणे, ही वार्धक्यातील स्वातंत्र्याची पहिली अट आहे. ती पुरी करण्याचे सामर्थ्य सत्त्याऐंशीव्या वर्षीही शरीरात शिल्लक असते. त्याला कामाला लावण्याचे सोडून डब्यांवर पैसा घालणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.