घड्याळ एक, पट्टे छप्पन!

सोमवारी काळा, बुधवारी गुलाबी आणि शुक्रवारी चकचकीत स्टील... स्मार्टवॉच एकच, पण पट्टे मात्र ड्रेसगणिक वेगळे! हा फंडा एकदम मस्त. फक्त मनगटाची आणि घड्याळाची वाट लागू द्यायची नसेल, तर पुढचं वाचा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या मनगटावर एक लाल चौकोन उगवला. अगदी मापात! वर घड्याळ, खाली चौकोन. आधी खाज, मग आग, मग रात्री झोपेत ओरबाडणं. मी लगेच निकाल लावून टाकला की स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत घेतलेला निळा पट्टा बोगस निघाला. तो फेकला, दुसरा लावला. चौकोन होता तिथेच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषधाआधी तीन प्रश्न विचारले. घड्याळ रात्री काढतेस का? (नाही, झोपेचा स्कोअर कसा कळणार?) आंघोळीला काढतेस का? (नाही, वॉटरप्रूफ आहे ना!) आणि पट्टा कधी धुतेस का? यावर मी जो चेहरा केला, त्यातच निदान झालं. पट्टा धुवायचा असतो?

ॲलर्जी वगैरे काही नव्हती. घाम, साबणाचा फेस आणि पावसाचं पाणी पट्ट्याखाली महिनोन् महिने अडकून कातडी अक्षरशः भिजत पडली होती. डाव्या मनगटाला दोन आठवडे सक्तीची सुट्टी मिळाली. रोजच्या दहा हजार पावलांची माझी सलग ६१ दिवसांची साखळीही तुटली. खरं सांगू, रॅशपेक्षा जास्त दुःख त्याचंच झालं!

आधी माप, मग मॅचिंग

माझं निदान मनगटावरच निभावलं. माझ्या एका मैत्रिणीचं तर घड्याळच गेलं. तिच्या घड्याळाला २२ मिलिमीटरचा पट्टा लागायचा. सेलमध्ये आवडलेला रंग फक्त २० मध्ये होता. दोन मिलिमीटरने काय होतंय, म्हणून तिने तो बसवला. चार दिवस झकास चालला. पाचव्या दिवशी ठाण्याला गर्दीत लोकल पकडताना कुणाची तरी बॅग अडकली आणि एका बाजूची पिन सुटली. तिने झटकन पट्टा पकडला, तर दुसरी पिनही निसटली. पट्टा हातात आणि घड्याळ फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत! चार ईएमआय बाकी होते.

बहुतेक स्मार्टवॉचना १८, २० किंवा २२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा लागतो. पट्टा जिथे बसतो, त्या खाचेची आतली रुंदी मोजायची. शाळेतली पट्टी पुरे. तेवढंच माप घ्यायचं, एक मिलिमीटर कमी नाही की जास्त नाही. कमी घेतलं तर पिनेची टोकं भोकांत धड बसत नाहीत आणि पट्टा डुगडुगतो.

ब्रँडवाल्यांचे स्वतःचे नखरे असतात ते वेगळेच. सॅमसंगच्या गॅलॅक्सी वॉच ४ पासून ७ पर्यंत साधा २० चा पट्टा चालायचा. २०२४ च्या वॉच अल्ट्राला आणि २०२५ च्या वॉच ८ ला कंपनीने जोडच वेगळा दिला. म्हणजे जुना साठा कपाटात! ॲपलचं आणखी गमतीशीर. तिथे ३८, ४० आणि ४१ ही धाकटी पाती आणि ४२, ४४, ४५, ४९ ही थोरली. धाकट्यांचे पट्टे धाकट्यांना, थोरल्यांचे थोरल्यांना. पण २०२४ मध्ये सिरीज १० आली ४२ आणि ४६ मध्ये, आणि हा नवा ४२ निघाला धाकट्या पातीतला! त्यामुळे सिरीज ३ चा जुना ४२ वाला पट्टा त्याला बसत नाही. आकडा तोच, घराणं वेगळं. ऑनलाइन ऑर्डर करताना 'फिट्स ४२' एवढंच वाचून खूश होऊ नका.

बदलायची कृती सोपी आहे, घाई तेवढी नको. उशीवर किंवा टॉवेलवर घड्याळ पालथं ठेवा, काच खाली. पिनेला छोटीशी दांडी असेल तर ती नखाने आत ओढायची. ॲपलसारखं बटण असेल तर ते दाबून पट्टा आडवा सरकवायचा. नवा बसला की 'टक्' आवाज येतो. नाही आला तर थोडा इकडेतिकडे सरकवून पाहा. जोर मात्र लावायचा नाही. मग दोन्ही बाजू चांगल्या ओढून बघा. ही ओढाताण उशीवरच झालेली बरी, ठाणे स्टेशनवर नको. आणि दांडी नसलेली जुन्या पद्धतीची पिन असेल, तर कात्रीच्या टोकाने खुपसाखुपशी करण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे जा. त्यांच्याकडे त्याचं हत्यार असतं आणि दोन मिनिटांचं काम असतं.

कुठे काय घालावं बुवा?

सिलिकॉन जिमला आणि पावसाला एकदम फिट. पाण्याने बिघडत नाही, धुतलं की झालं. फक्त काळ्या रंगावर धूळ आणि कापसाचे तंतू असे चिकटतात, की विचारू नका. नायलॉन हलकं, हवा खेळती ठेवणारं, पण एकदा भिजलं की ऑफिसच्या एसीत दुपारपर्यंत ओलंच. मग जो वास येतो, तो शेजारच्या क्युबिकललाही कळतो. लेदर ब्लेझरवर, साडीवर, इंटरव्ह्यूला फर्स्ट क्लास. पण मुंबई-कोकणातल्या जुलैमध्ये नाही, म्हणजे नाहीच. कपाटात ठेवलेल्या लेदरच्या चपलांवर जी पांढरी बुरशी येते, तीच इथेही येते. स्टीलची जाळी दिसायला रॉयल, पण हातावर केस असतील तर अधूनमधून चिमटे बसतात. शिवाय त्यात लोहचुंबकाची पकड असेल, तर घड्याळातला होकायंत्राचा काटा भरकटू शकतो. ऑफिसच्या वाटेवर काही बिघडत नाही. ट्रेकला राजगडावर निघताना मात्र साधा पट्टा लावा.

महाग ते चांगलं, हा हिशोबही इथे दरवेळी लागू पडत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पट्टे तपासल्याचं प्रसिद्ध झालं. त्यातल्या ९ पट्ट्यांत 'पीएफएचएक्सए' हे 'फॉरेव्हर केमिकल्स'च्या घराण्यातलं रसायन सापडलं. फ्लोरोइलास्टोमर नावाच्या महागड्या, मुलायम रबरात फ्लोरिन असतं आणि भर होता तो त्याच्यावरच. १५ डॉलरखालच्या स्वस्त पट्ट्यांपेक्षा ३० डॉलरच्या वरच्यांत फ्लोरिन जास्त निघालं. कातडीतून हे रसायन नेमकं किती आत जातं, यावर अजून अभ्यास हवा, असं संशोधकच म्हणतात. तेव्हा घाबरून आजच फेकाफेकी नको. पण नवा घेताना वर्णनात 'फ्लोरोइलास्टोमर' आहे की 'सिलिकॉन', एवढं वाचायला काय हरकत आहे? मी सिलिकॉनवालीच झाले आहे.

घड्याळालाही आंघोळ हवी!

आता धुण्याचं. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये लोकांच्या हातातले २० पट्टे तपासले. ९५ टक्के पट्ट्यांवर जंतू होते. रबर आणि प्लॅस्टिकवर सगळ्यात जास्त, सोन्या-चांदीसारख्या धातूवर जवळपास नाहीच. जिमवाली मंडळी यात आघाडीवर! त्याच हाताने आपण डबा खातो, हे लक्षात घ्या.

सिलिकॉनचा पट्टा घड्याळापासून सोडवून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचा, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून विसळायचा. माझा लाल चौकोन राहिलेल्या साबणानेच पोसला होता. नायलॉनही तसंच, फक्त पिळू नका आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. लेदरला आंघोळ नाही. जरासं ओलसर फडकं फिरवायचं आणि उन्हापासून लांब वाळवायचं. स्टीलच्या कड्यांमधला मळ जुन्या टूथब्रशने निघतो. स्पिरिटचा बोळा स्टीलवर आणि सिलिकॉनवर कधीमधी चालतो, लेदर आणि कापडावर अजिबात नाही. सनस्क्रीन, परफ्युम, डासांचं क्रीम हे आधी अंगात जिरू दे, मग घड्याळ.

इतकं करूनही खाज थांबली नाही, तर बक्कल कशाचं आहे ते बघा. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांना बहुतेकदा निकेल सोसत नसतं. घड्याळाच्या बक्कलमध्येही ते असू शकतं. जोडायच्या गोंदातल्या ॲक्रिलेटचाही काहींना त्रास होतो. ही काही नाजूकपणाची नाटकं नाहीत. २०१४ मध्ये फिटबिटने 'फोर्स' हा मनगटी बँड कातडीच्या तक्रारींमुळे बाजारातून परत मागवला होता. अमेरिकेत तेव्हा तो सुमारे दहा लाख हातांवर होता. तेव्हा पुरळ आठवडाभर टिकलं तर डॉक्टर गाठा. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने ट्यूब आणू नका. मी आणली होती, चौकोन आणखी पसरला.

आणि घट्ट किती? घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा कातडीतलं रक्त वाहताना बघतो आणि त्यावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडे काहीच्या काही येतात. म्हणून ते बांगडीसारखं लोंबणारं ब्रेसलेट लग्नाला ठीक, ठोके बघायला नाही. ज्यांच्या घरी आई-बाबांना हृदयाच्या ठोक्यांसाठी मुद्दाम घड्याळ घेऊन दिलंय, त्यांनी हे नक्की तपासा. बाबांना टोचतं म्हणून ते पट्टा दोन भोकं सैल ठेवतात आणि मुलगा पुण्यात बसून भलतेच आकडे बघत असतो! पळताना, व्यायाम करताना मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, सरकणार नाही इतपत घट्ट. झालं की पुसायचं आणि सैल करायचं.

माझं सध्याचं टाइमटेबल असं : आंघोळीला घड्याळ चार्जिंगला, रविवारी पट्टा बादलीत, पावसाळाभर लेदर माळ्यावर. झोपेचा स्कोअर आठवड्यातून दोनच रात्री बघते. चौकोन गेलाय, जागा अजून थोडी काळपट आहे.

मैत्रिणीने ईएमआय फेडले आणि मगच नवं घड्याळ घेतलं. ठाण्याला हातात उरलेला तो पट्टा तिच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. मोरपंखी रंग, माप २०, वापर चार दिवस. कुणाला हवा असेल तर ती फुकट द्यायला तयार आहे. फक्त येताना शाळेतली पट्टी घेऊन या!