पायांतल्या मुंग्या आणि नसेचा सांगाडा

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते काठीच्या आणि सहकाऱ्याच्या आधाराने उभे होते. वय ६५. त्यांना मधुमेह होता, आणि १९४८ मध्येच पायांच्या नसांचं दुखणं इतकं वाढलं होतं की रात्री झोप लागत नसे. बेसा परिसरातल्या वस्त्यांत आम्ही शुगर तपासायला जातो तेव्हा तीच तक्रार ऐकतो. पायांत मुंग्या येतात, रात्री आग होते. आणि घरचे म्हणतात, वय झालं.

पायाच्या बोटाचा स्पर्श कळवणारी पेशी असते कमरेत, मणक्याजवळ. तिचा धागा थेट अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ एक मीटर. केसापेक्षा बारीक असा हा धागा टिकतो, कारण आत प्रथिनांचा सांगाडा असतो. न्यूरोफिलामेंट नावाचे तंतू त्याला जाडी आणि बळ देतात. ट्युब्युलिनच्या नळ्या म्हणजे रूळ, त्यांवरून माल जातो. ते रूळ घट्ट धरून ठेवतं टाऊ नावाचं प्रथिन. (विसरभोळेपणाच्या अल्झायमर आजारात हेच टाऊ रुळांवरून सुटतं आणि मेंदूच्या पेशीत त्याचा गुंता होतो.)

आता हिशेब बघा. सांगाड्याचा नवा माल कमरेतल्या पेशीत तयार होतो आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे अंगठ्यापर्यंत पोचायला अडीच-तीन वर्षं! शुगर वाढलेली राहिली की ही वाहतूक बिघडते, नसेला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. सगळ्यात लांबची नस आधी मार खाते, म्हणून सुरुवात बोटांपासून. आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. हे 'काहीच नाही' आम्हाला सगळ्यात जास्त भिववतं. दुखणं थांबलं म्हणून माणूस खूश, आणि चप्पल निसटली, खिळा रुतला, तरी पत्ता नाही. जखम चिघळते, बोट कापावं लागतं.

शुगरवाल्यांचे पाय घरीच तपासा. डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी आपल्या बोटाचं टोक एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबू नका, घासू नका, टोचू नका. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर मेडिकल किंवा मेयोत दाखवा. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायलाही सांगा. ते कमी पडलं तरी अशाच मुंग्या येतात, आणि ते भरून काढता येतं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि बधिर पाय गरम पाण्यात शेकायचे नाहीत. अंघोळीचं पाणीसुद्धा आधी कोपराने बघा.