शब्दाचे सांधे

बैलगाडीचे चाक दुरून एकसंध दिसते. पण सुताराला विचारा. तो तुंबा वेगळा दाखवील, आरे वेगळे, धाव वेगळी. एखादा आरा मोडला म्हणून तो सगळे चाक फेकून देत नाही. शब्दांचेही तसेच आहे. इंग्रजीचा लांबलचक शब्द समोर आला की आपली मुले दबकतात, कारण त्यांना तो एक अखंड धोंडा वाटतो. मग स्पेलिंग दहा वेळा लिहायचे, अर्थ पाठ करायचा, आणि परीक्षा झाली की विसरायचे! पण शब्दाला सांधे असतात, आणि ते ओळखण्याची विद्या मराठी मुलाजवळ आधीपासूनच असते. ती इंग्रजीच्या तासाला कशी कामी लावावी, एवढेच आज सांगायचे आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने एकामागून एक येतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचे नाव घेतले आणि त्याला ‘नगर’ जोडले. अर्थ असलेला असा जो शब्दाचा लहानात लहान भाग, त्याला भाषाशास्त्रात ‘रूपिका’ म्हणतात. ‘नगर’ ही रूपिका एकटी उभी राहू शकते. पण ‘नगरात’ मधला ‘त’ एकटा उभा राहत नाही, त्याला कुणाचा तरी आधार लागतो. इंग्रजीत हेच पाहा. ‘टीचर’ मधला ‘टीच’ एकटा चालतो, ‘अर’ एकटा चालत नाही.

दोन स्वतंत्र शब्द जोडले की समास होतो. अंबरनाथला वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, मोठा कारखाना होता. तिथे काय होत असे? काडेपेट्या. काडी आणि पेटी मिळून काडेपेटी. इंग्रजीतही मॅच आणि बॉक्स मिळून मॅचबॉक्स. आणि ‘विमको’ हे नाव तरी कसे बनले? कंपनीच्या नावातल्या शब्दांची आद्याक्षरे घेऊन. शब्द बनवण्याची तीही एक रीत आहे, बरं का.

आता जरा बारीक काम. ‘उल्हास’ म्हणजे संस्कृतातला ‘उल्लास’. तो ‘उत्’ हा उपसर्ग आणि ‘लास’ यांचा झाला. पुढे ल आला म्हणून ‘उत्’ मधल्या त् चा ल् झाला. तोच ‘उत्’ ‘उच्चार’ मध्ये च् घेतो आणि ‘उन्नती’ मध्ये न् घेतो. रूपिका एकच, वेश अनेक! हुबेहूब असेच इंग्रजीत घडते. तिथे नकार दाखवणारा ‘इन’ हा उपसर्ग आहे. करेक्टचे इन्करेक्ट होते. पण पॉसिबलचे इम्पॉसिबल, लीगलचे इलीगल आणि रेग्युलरचे इरेग्युलर. इलीगलच्या स्पेलिंगात दोन एल आणि इरेग्युलरच्या स्पेलिंगात दोन आर का, हे आता निराळे पाठ करायला नको. एक अक्षर उपसर्गाचे, दुसरे मूळ शब्दाचे.

अंबरनाथच्या आनंदनगर भागात मोठी औद्योगिक वसाहत आहे. ‘औद्योगिक’ हा शब्द सोडवून पाहा. ‘उद्योग’ला ‘इक’ हा प्रत्यय लागला आणि पहिल्या स्वराने रूप पालटले, उ चा औ झाला. दिन–दैनिक, समाज–सामाजिक, भूगोल–भौगोलिक ही त्याचीच भावंडे. इंग्रजीत ‘अल’ प्रत्यय लागला की कधी कधी असेच होते. नेशनचे नॅशनल, नेचरचे नॅचरल. उच्चार का बदलला म्हणून मूल गोंधळले, तर त्याला दिन–दैनिक आठवून द्यावे.

त्याच वसाहतीतला दुसरा शब्द, ‘कामगारांना’. यात काम, मग ‘गार’, मग अनेकवचनाची खूण, मग ‘ना’. ‘गार’ लागून नवा शब्द तयार झाला. पुढच्या दोन भागांनी नवा शब्द केला नाही, त्याच शब्दाला वाक्यात बसवले. हा भेद मोठा महत्त्वाचा. शब्द घडवणारे प्रत्यय आधी येतात, वाक्यात बसवणारे मागून. इंग्रजीत ‘वर्कर्स’ म्हणजे वर्क, मग अर, मग स. हा क्रम उलटत नाही. अनेकवचनाचा हा स सुद्धा कॅटला स, डॉगला झ आणि बसला इझ असा ऐकू येतो. आपल्याकडे नाही का घर–घरे, आंबा–आंबे, बाटली–बाटल्या?

मुले म्हणतात, इंग्रजीत अपवाद फार! गोचे वेंट का? त्यांना उलट विचारावे, ‘जातो’चा ‘गेला’ का? एक शीप, दहा शीप हे विचित्र वाटते. मग एक दगड, दहा दगड कसे चालतात? मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात शब्दसिद्धीचा सविस्तर विचार आहे. पण तो न वाचलेले पोरही ‘पेन्सिल’ हा परका शब्द उचलते आणि ‘पेन्सिलीने’ असे बिनचूक म्हणते. तो सांधा त्याला कुणी शिकवला?

मात्र शब्द फोडताना नुसत्या कानावर विसंबू नये. ‘कामगार’, ‘गुन्हेगार’ यांत ‘गार’ आहे. ‘पगार’ मध्ये नाही. ‘वर्कर’ मध्ये वर्क आहे. ‘सिस्टर’ मध्ये ‘सिस्ट’ असे काही नाही. बदलापूरला पूर्वी घोडे बदलत म्हणून ते नाव पडले असे लोक सांगतात. ऐकायला गोड, पण कानाला पटणारी फोड म्हणजे पुरावा नव्हे. आणि त्या नावातला ‘पूर’ गावाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीला आला तो पूर वेगळा. ध्वनी एक, रूपिका दोन.

ही चूक कधी जिवावरही बेतू शकते. रासायनिक मालाच्या पिंपावर किंवा टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नकार एवढेच पाठ केलेला मुलगा काय समजेल? की हा माल पेटत नाही! प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे. इथला ‘इन’ नकाराचा नव्हे. तो ‘आत’ या अर्थाचा, लॅटिनमधला दुसरा ‘इन’ आहे. हा माल झटकन पेट घेतो. हा घोटाळा इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होई. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० नंतरच्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या मालाला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. आपला ‘ज्वालाग्राही’ पाहा. ज्वाला आणि ग्राही. शंकेला जागाच नाही. आज शाळेत असलेले मूल उद्या अशाच एखाद्या कारखान्यात कामाला लागेल. त्याला ती पाटी नीट वाचता आली पाहिजे.

तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी एवढे करावे. रोज फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहावा आणि तीन प्रश्न विचारावेत. याचा कोणता भाग सुटा करता येतो? तोच भाग आणखी दोन शब्दांत सापडतो का? आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे का? तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला तर सांधा खरा समजावा. तिसऱ्याला नकार आला तर शब्दकोश उघडावा. मग त्याच रीतीने बनलेला एक मराठी शब्द मुलांकडूनच काढून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे. उद्याच्या तासाला ‘अनहॅपी’ घ्या, शेजारी ‘नाखूष’ लिहा आणि पुढचा शब्द मुलांना शोधू द्या.